दुसऱ्या खांबाचा पुकारा

डोळ्यांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. फेरेतींनी मान डोलावली, चिठ्ठी मुलीच्या हातात ठेवली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, त्यात काही विशेष नाही अशा स्वरात ते म्हणाले, "पुलावरून जाऊ."

सिनालेई छत्री उघडत होती. तिचा हात तसाच राहिला.

"कुठल्या पुलावरून?"

"आपियात पूल किती आहेत?"

"पुष्कळ आहेत, बाबा."

"मग नदीच्या तोंडावरच्या."

सिनालेईने छत्री उघडली आणि वडिलांच्या डोक्यावर धरली. नदीपलीकडे, माताउतू वस्तीच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या फेरेतींच्या आतेबहिणीकडे त्यांचा मुक्काम होता आणि तिथे जाणारी बस दवाखान्याच्या दारातच मिळत होती. पुलावरून जायचे तर उगाच वळसा पडणार, उन्हातून चालावे लागणार. पण तिने यातले काहीच म्हटले नाही. सहा वर्षांत त्यांच्या घरात या पुलाचे नाव वडिलांच्या तोंडून एकदाही निघाले नव्हते.

फेरेती आपियाहून बोटीने जावे लागणाऱ्या सावाईई बेटावरच्या आपल्या गावाचे वक्ते होते. लग्न असो, मर्तिक असो, कुणाला मताईची, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाची, पदवी द्यायची असो, दोन घरे समोरासमोर बसली की घराच्या वतीने बोलायला वक्ता उठतो. आणि भेटी आल्या की पुकारा होतो. चटया किती, डुकरे किती, माशांच्या डब्यांची खोकी किती, कुठल्या गावाहून, कुणाच्या घरून, हे घेणाऱ्या बाजूचा माणूस मोकळ्या मैदानात उभा राहून खणखणीत आवाजात सांगतो. ज्या आहेराचा पुकारा झाला नाही तो पोचला असे कुणी धरत नाही. फेरेतींनी चाळीस वर्षे असे पुकारे केले होते. त्यांच्या पुकाऱ्यात रिकामी टोपलीसुद्धा भरल्यासारखी वाटते, असे लोक म्हणत.

त्यांचा मुलगा पेसामिनो पुलाच्या कामावर मजूर होता. लोखंडी सळ्या तारेने बांधायचे काम त्याच्याकडे होते. काम संपत आले तेव्हा त्याचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात पूल खुला होणार, मोठा समारंभ होणार, तुम्ही या, असे तो म्हणाला.

"येतो. मजुरांचा पुकारा कोण करणार आहे?" फेरेतींनी विचारले होते.

"मजुरांचा कुठला पुकारा, बाबा. आम्हाला सगळ्यांना जेवण आहे. आणि एकेक शर्ट."

"मग मी काय मागे उभा राहून शर्ट मोजू?"

मग पेसामिनो म्हणाला होता, "तुम्ही करा की. गावभराचे आहेर पुकारलेत. माझा एक पुकारा. कुणी ऐकलं नाही तरी चालेल."

"आपल्या घरचा आहेर आपण पुकारायचा नसतो. निर्लज्जपणा असतो तो. घेणाऱ्यानं पुकारायचा."

"मग घेणारा कोण आहे?"

या प्रश्नाचे उत्तर फेरेतींना सुचले नव्हते, आणि सुचले नाही म्हणून ते रागावले होते. परदेशी लोकांचे लोखंड बांधत बसलास, इथे आपल्या शेतातले तण तुझी बहीण काढते, असे काहीबाही ते बोलून गेले होते. ते समारंभाला गेले नाहीत. त्यानंतर जेव्हा पहिल्यांदा बाहेर जायची सोय झाली, तेव्हा पेसामिनो न्यूझीलंडला सफरचंदांच्या बागेत हंगामी कामाला गेला. सात महिन्यांसाठी म्हणून गेला आणि दुसऱ्या हंगामानंतर तिथलाच झाला. तिथे त्याने लग्न केले. त्याला आता तीन वर्षांची मुलगी होती. दर रविवारी, चर्च आणि दुपारचे जेवण आटोपले की तो बहिणीला फोन करी. सिनालेई फोन चटईवर ठेवून त्याचा आवाज मोठा करी. फेरेती चार हातांवर, खांबाला टेकून, त्या दोघांकडे पाठ करून काथ्याची तीनपेडी दोरी वळत बसत. मुलाचा आवाज आला की त्यांचे हात थांबत. बोलणे संपले की पुन्हा चालू होत. इतकेच. "बाबा बरे आहेत ना?" असे तो विचारी. "बरे आहेत," सिनालेई सांगे. वडिलांच्या थांबलेल्या हातांविषयी तिने भावाला कधी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते का, हे तिला अजून ठरवता आले नव्हते.

शहराच्या बाजूने ते पुलाशी पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. आदल्या दिवशी डोंगरात पाऊस झाला होता. नदी चहाच्या रंगाची होऊन वाहत होती आणि जिथे ती समुद्राला मिळत होती तिथे तपकिरी पाणी आणि निळे पाणी यांच्यामध्ये एक वाकडीतिकडी रेघ उमटली होती. बंदरात एक मालाचे जहाज उभे होते. फेरेतींना जहाज म्हणजे एक लाल डाग आणि रेघ म्हणजे नुसता भास दिसत होता. पण पूल त्यांना दिसला. इतकी रुंद, इतकी पांढरी वस्तू न दिसणे मोतीबिंदूलाही जमले नसते.

पुलाच्या तोंडाशी धातूची पाटी होती.

"वाच," फेरेती म्हणाले.

सिनालेईने वाचले. पूल कुणाच्या हस्ते खुला झाला, कुणाच्या मदतीने झाला, कुठल्या दिवशी.

"पुढं?"

"संपलं."

"मागच्या बाजूला?"

"मागच्या बाजूला स्क्रू आहेत, बाबा." तिला हसू आले, मग तिने ते आवरले. "एवढ्याशा पाटीवर दीडशे मजुरांची नावं मावणार कशी? सगळ्याच पाट्या अशा असतात."

"मी कुणाला दोष दिला का?"

ते चालू लागले. डाव्या हाताने कठडा चाचपत, उजव्या हातात काथ्याच्या दोरीचे वेटोळे धरून. ते वेटोळे ते घरून घेऊन निघाले होते. वक्त्याच्या हातात काथ्या असतोच, म्हणून सिनालेईने त्याकडे लक्ष दिले नव्हते. आता तिच्या लक्षात आले की हे रोजचे अर्धवट वेटोळे नव्हे. हे पुरे झालेले, टोके आत खोचलेले, नीट बांधलेले होते.

ते पावले मोजत होते. चाळिसाव्या पावलाच्या सुमारास ते थांबले.

"इथं खाली खांब आहे का?"

सिनालेईने कठड्यावरून वाकून पाहिले. "आहे."

"एकूण किती?"

"दोन. एक हा. एक तिकडे पुढं."

"दुसरा म्हणाला होता तो. दुसऱ्या खांबाच्या सळ्या मी बांधल्या, म्हणाला. दिसणार नाहीत कुणाला, पण आहेत." फेरेतींनी पुढच्या खांबाच्या दिशेने तोंड वळवले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "दुसरा कुठल्या बाजूनं?"

सिनालेईलाही ते ठाऊक नव्हते. दोनच खांब, त्यामुळे शहराकडून जो दुसरा तो माताउतूकडून पहिला. सहा वर्षे ज्या खांबाचा विचार केला तो यातला नेमका कुठला, हे विचारायचे राहून गेले होते. आणि विचारायचे तर त्याला फोन करावा लागणार होता.

"तो माताउतूला आत्याकडे राहायचा," सिनालेई विचार करून म्हणाली. "रोज सकाळी तिकडूनच यायचा. म्हणजे तिकडून मोजला असणार. हाच."

"आणि तसं नसेल तर?"

"तर तो पुढचा."

"मग दोन्हींवर थांबू," फेरेती म्हणाले. ते तिथे थांबले. शेजारून एक रंगीत लाकडी बस गाणे वाजवत गेली आणि पायाखालचा पूल अगदी किंचित, झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखा, हलला. फेरेतींनी तळहात कठड्यावर दाबून धरला. मुलगा चौदा वर्षांचा असताना गावच्या बैठकीच्या घराचे छप्पर नव्याने बांधले होते, तेव्हाची गोष्ट त्यांना आठवत होती. एक खिळा न ठोकता सगळे वासे काथ्याने बांधायचे होते. पेसामिनोची गाठ सैल पडायची. फेरेतींनी ती सोडायला लावली, पुन्हा बांधायला लावली, पुन्हा सोडायला लावली. संध्याकाळी पोराच्या बोटांची साले निघाली होती. एकदाही त्यांनी 'बरी झाली' म्हटले नव्हते. घरच्या पोराचे कौतुक घरच्यांनी करायचे नसते.

पुढच्या खांबावरही ते तेवढाच वेळ थांबले. मग पूल उतरले. एकशे सात पावले झाली.

पलीकडच्या टोकाला, बदामाच्या झाडाखाली, एका बाईचा ठेला होता. मोठ्या किटलीत कोको, परातीत तळलेले गोल गुलगुले आणि बसायला एक लांब बाक. बाई पन्नाशीची, अंगाने भरलेली, कानामागे पिवळे फूल खोचलेली.

"दोन कोको दे गं, बाई," फेरेती उभ्यानेच म्हणाले.

"देते. आधी बसा, काका. उभ्यानं कोको पितात ते परदेशी, नाहीतर बदकं."

फेरेती बसले. हे त्यांना पटण्यासारखे होते. बाईने विचारले, कुठले? त्यांनी गाव सांगितले. तिच्या मावससासूची सून त्याच गावची निघाली आणि तिची चौकशी झाली. मग बाईने विचारले, इकडे कुठं? डोळ्यांसाठी, असे फेरेती म्हणाले.

"दवाखाना तर तिकडे राहिला. पुलावर दोन-दोनदा थांबलात तुम्ही. मी बघत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या हातून काहीतरी पाण्यात पडलं."

"माझ्या भावानं इथं काम केलं होतं," सिनालेई म्हणाली. वडील तिच्याकडे वळलेले तिला जाणवले, पण ती थांबली नाही. "पेसामिनो त्याचं नाव. सळ्या बांधायचा."

बाईने कोकोचे पेले पुढे ठेवले. "पुष्कळ होते गं. सकाळी सहाला त्यांची प्रार्थना व्हायची, आमेन म्हटलं की सगळे माझ्याकडे धावायचे. देव आधी की गुलगुले, कळायचं नाही."

सिनालेईने फोनवर भावाचा फोटो काढून दाखवला. बाईने हात पुसले, फोन उन्हापासून आडोशाला धरला आणि बराच वेळ पाहिले.

"नाही आठवत," ती म्हणाली. "आठवतो म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण खोटं कशाला बोलू? डोक्यावर टोपी चढवली की सगळी पोरं एका आईची दिसायची."

फेरेतींना का कोण जाणे, या उत्तराने बाईविषयी विश्वास वाटला. त्यांनी पेला बाकावर ठेवला.

"मला तुमच्या वस्तीच्या वक्त्यांना भेटायचंय. पुलाच्या या टोकाची वस्ती ज्यांच्याकडे आहे ते. घर कुठंय त्यांचं?"

"काय काम काढलंत?"

ते काम परक्या ठेलेवालीला सांगण्यासारखे नव्हते. पण फेरेती घरून निघाल्यापासून ते मनात घोळवत होते, आणि वक्त्याने फार दिवस मनात धरलेले वाक्य एकदा ओठांवर आले की परत आत जात नाही.

"या पुलाचा घेणारा कोण, ते विचारायचंय," ते म्हणाले. "देणाऱ्यांची नावं पाटीवर आहेत. मोठी माणसं, त्यांचा मान त्यांना मिळाला, चांगलं झालं. पण ज्यांनी हातानं दिला त्यांचं काय झालं? त्यांचा पुकारा झाला का?"

बाईने किटलीखालचा जाळ थोडा कमी केला. "बँड होता," ती आठवत म्हणाली. "नाच झाले. भाषणं झाली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना जेवण होतं, त्या दिवशी माझा एक गुलगुला खपला नाही. पुकारा..." ती थांबली. "नाही. त्यांचा नाही झाला."

"म्हणजे ती भेट अजून वाटेतच आहे," फेरेती म्हणाले. "सहा वर्षं. माझ्या मुलाचं म्हणणं बरोबर होतं. घेणारा शोधायला हवा होता. तो मी शोधायला हवा होता, त्यानं नव्हे. माझं कामच ते." त्यांनी काथ्याचे वेटोळे मांडीवर घेतले. "दर रविवारी त्याचा फोन येतो. त्याच्याशी काय बोलायचं ते मला कळत नाही. हे एक झालं तर बोलायला तोंड राहील. म्हणून तुमच्या वक्त्यांना भेटायचंय."

"भेटलात की," बाई म्हणाली.

फेरेतींना कळले नाही. त्यांनी झाडामागे, रस्त्याकडे, जिथे पुरुष असू शकेल अशा सगळ्या दिशांना आपले अंधूक डोळे फिरवले.

"वडील गेले तेव्हा भावांपैकी एक ऑस्ट्रेलियात, एक दारूत. पदवी माझ्या गळ्यात पडली. अकरा वर्षं झाली. एतेवीसे माझं नाव. गुलगुले सकाळी, वस्ती चोवीस तास."

फेरेती ताडकन उठले. या बाईला आपण 'दे गं' म्हटले होते. तिच्यासमोर पाय पसरून बसलो होतो. आपल्या गावात एखादा पाहुणा वक्त्याशी असा वागला असता तर त्याची चटई बाहेर टाकली असती.

"मला माफ करा," ते म्हणाले. "डोळे... तुम्ही सांगितलं नाहीत..."

"ठेल्यावर पाटी लावू का? बसा हो, काका. कोको निवतोय."

"आमच्या गावात बायकांना पदवी देत नाहीत," सिनालेई आपल्या पेल्यात पाहत म्हणाली. "दोनदा विषय निघाला होता. दोन्ही वेळा बाबाच उठून बोलले."

"काय बोलले?"

फेरेतींनी मुलीकडे पाहिले. दुसऱ्या वेळी तो विषय कुणाच्या नावावरून निघाला होता, हे त्या दोघांनाही ठाऊक होते.

"बाईचा आवाज मैदानापलीकडे जात नाही, असं," सिनालेई म्हणाली.

एतेवीसेने भुवया उंचावल्या. ती रागावली नाही. तिने परातीवर फडके टाकले, किटली उतरवली, ठेल्याच्या खणातून कमरेला गुंडाळायचा एक धुतलेला काळा लावालावा काढून नेसलेल्या कपड्यावर गुंडाळला आणि गाठ घट्ट केली. "मैदानाचं माहीत नाही," ती म्हणाली. "नदीपलीकडे जातो का, बघू या. उठा. देणाऱ्यांनी लांब बसायचं असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. खांबावर जा."

"कुठल्या?" सिनालेईने विचारले.

"दुसऱ्या. इथून दुसऱ्या. मी इथं उभी आहे, म्हणजे मोजणी इथून."

फेरेतींनी काथ्याचे वेटोळे दोन्ही हातांनी पुढे केले. एतेवीसेने ते घेतले, कपाळाला लावले आणि पुलाच्या तोंडाशी, पदपथाच्या मधोमध, एका स्वच्छ फडक्यावर ठेवले. बाप-लेक पुन्हा पुलावर चढली. दूरच्या खांबावर पोचल्यावर फेरेती, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, पदपथाच्या कडेला मांडी घालून खाली बसले. त्यांच्यावर छत्री धरून सिनालेई मागे बसली. तिने फोन काढला आणि चित्रण सुरू केले. ते वडिलांनी पाहिले, पण नको म्हटले नाही.

तेवढ्यात पुलाच्या माताउतूकडच्या चौकातला दिवा लाल झाला आणि वाहने थांबली. त्यांत एक खचाखच भरलेली लाकडी बस होती. तिच्या खिडक्यांना काचा नव्हत्या.

एतेवीसेने दोन्ही पाय रोवले आणि आवाज सोडला.

फेरेतींनी आयुष्यभर पुकारे ऐकले होते. पहिल्याच शब्दाला त्यांच्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज कसलेला होता. उंच नव्हे, लांब. शेवटचे अक्षर ताणून पाण्यावर सोडून देणारा.

"ऐका हो, नदीकाठच्या घरांनो. माताउतूच्या वस्तीनं ऐका. सावाईईहून आहेर आला आहे. काथ्याची दोरी, तीनपेडी, वेटोळं एक. बापाच्या हातची. आणि त्यामागून, सहा वर्षं वाटेत असलेला, पूल एक."

बसमधली डोकी वळली.

"पूल एक. गाड्यांना जायला बाजू, यायला बाजू, पायी चालणाऱ्याला दोन्हीकडे वाट. खांब दोन. दुसऱ्या खांबाच्या पोटातल्या सळ्या, मोजल्या नाहीत, कारण त्या झाकल्या आहेत. पण पूर आला तेव्हा खांब हलला नाही, म्हणजे गाठ सुटली नाही. त्यांच्यावरून आमच्या नवऱ्या मुली गेल्या. आमच्या शवपेट्या गेल्या. आमची पोरं रोज शाळेत जातात. त्या सळ्या बांधणारा पेसामिनो. घर फेरेतींचं. बेट सावाईई. आहेर पोचला. आम्हाला पोचला."

पुकारा संपला की घेणाऱ्या बाजूने एका आवाजात 'मालो' म्हणायचे, शाबास म्हणायचे, हे इथे रांगत्या मुलालाही ठाऊक असते. बसमधल्या लोकांना हा पुकारा कशाचा, का, काहीच माहीत नव्हते. पण कानाला सवय होती. मांडीवर पाव घेतलेल्या बायकांनी, गणवेशातल्या परिचारिकांनी, दांड्याला लोंबकळणाऱ्या माणसांनी, साऱ्या बसने एका दमात "मालो" म्हटले. मागच्या टॅक्सीवाल्यानेही म्हटले. दिवा हिरवा झाला आणि बस गाणे वाजवत पुलावरून निघून गेली. फेरेतींच्या मांडीखालची जमीन पुन्हा किंचित हलली.

"बाबा," सिनालेई हळूच म्हणाली. "उत्तर."

आहेर स्वीकारला गेला की देणाऱ्या घराच्या वक्त्याने उठून उत्तर द्यायचे असते. तेही ठरलेले असते. आमच्या हातून फार थोडे आले, तुमच्या मानाला साजेसे नाही, पदरात घ्या, असे म्हणायचे. फेरेती ते झोपेतही म्हणू शकले असते. ते कठडा धरून उभे राहिले. लांबवर, बदामाच्या सावलीत, एतेवीसे म्हणजे काळा-पिवळा डाग दिसत होता.

"आमच्या हातून फार थोडं..." त्यांनी सुरुवात केली, आणि ते थांबले.

सिनालेईला वाटले, आवाज फुटत नाही. पण आवाज होता.

"थोडं नाही," फेरेती म्हणाले. चाळीस वर्षांत हे शब्द त्यांनी उत्तराच्या भाषणात उच्चारले नव्हते. कुठल्याच वक्त्याने उच्चारले नसतील. "थोडं नाही आलं. माझ्या मुलानं केलंय. गाठ चांगली पडली आहे."

एवढे बोलून ते खाली बसले. पलीकडून एतेवीसेने हात वर केला, लावालावा सोडला आणि ती किटलीकडे वळली. तिच्या ठेल्यापुढे दोन गिऱ्हाइके उभी होती.

सिनालेईने चित्रण थांबवले. तिचे बोट थोडा वेळ पडद्यावर तरंगत राहिले.

"पाठवू?"

"तिकडे किती वाजले असतील?"

"इथं जितके वाजले तितकेच. या महिन्यात दोन्हीकडे वेळ एकच असते."

फेरेतींना हे माहीत नव्हते. ते समुद्राकडे, जिथे त्यांना आता काहीच वेगळे दिसत नव्हते तिकडे, पाहत राहिले. मुलगा कुठल्या तरी वेगळ्या प्रहरात, इथे दिवस असताना रात्रीत, राहतो अशीच त्यांची समजूत होती. तो सहा वर्षे याच सकाळीत होता.

"म्हणजे तोही आत्ता उन्हात असेल," ते म्हणाले. "पाठव."

तिने पाठवले. संदेशाखाली एक करडी खूण उमटली.

"कामावर असेल," सिनालेई म्हणाली. "झाडावर चढलं की फोन डब्याच्या पिशवीत ठेवतात. जेवायच्या सुट्टीत बघेल. नाहीतर संध्याकाळी."

"मी कुठं काय म्हटलं?"

ते दोघे एतेवीसेच्या बाकावर परतले. तिने न मागता कोको पुन्हा भरला. काथ्याचे वेटोळे तिने ठेल्याच्या खांबाला, वर, हात पोचणार नाही अशा जागी अडकवले होते. सिनालेईकडे पाहून ती म्हणाली, "तुझा आवाज कसा आहे गं?" सिनालेई हसली आणि वडिलांकडे बघायचे टाळले. फेरेती खाकरले. "शाळेत शिकवताना पन्नास पोरं गप्प करते," ते म्हणाले. "ऐकलाय मी. बाहेरच्या रस्त्यापर्यंत येतो." मुलीने चमकून पाहिले, पण ते झोळीत काहीतरी शोधत होते.

त्यांनी काथ्याची नवी जुडी काढली. तीन पेड वेगळे केले, मांडीवर ओले बोट फिरवले आणि दोरी वळायला घेतली. घरी पोचायची घाई नव्हती. सावाईईची बोट उद्याची होती. पुलावरून वाहने जात होती, येत होती.

सिनालेईच्या मांडीवरचा फोन वाजला.

फेरेतींचे हात थांबले.

तिने पाहिले. "आत्या आहे," ती म्हणाली. "येताना पाव आणा म्हणते."

"किती?"

"दोन."

"आणू," फेरेती म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचे हात पुन्हा चालू झाले.